सुजातानगरातलं सगळ्यात कामसू नाक

सहादू पगारे यांच्या नाकात पहिल्यांदा ब्रश गेला तो एका रविवारी दुपारी, मटणाचं जेवण आटोपून ते पलंगावर आडवं व्हायच्या बेतात असताना. ब्रश घालणारी होती त्यांची सून तेजल.

तेजल गंगापूर रोडच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. बिडी-सिगारेटचा धूर माणसाच्या श्वासनलिकेत काय काय घडवतो हा तिचा विषय. फुफ्फुसातल्या नळ्यांपर्यंत पोचायचं तर माणसाला गुंगी देऊन दुर्बीण घालावी लागते. त्यासाठी कोण तयार होणार? पण नाकाच्या आतलं अस्तर आणि त्या नळ्यांचं अस्तर साधारण एकाच घडणीचं असतं, आणि धुराने आत जे घडतं त्याचे पडसाद नाकातही उमटतात. म्हणून नाक. तिच्या गाईड मनाली मॅडम म्हणाल्या होत्या, "खऱ्या अभ्यासातल्या लोकांना हात लावण्याआधी घरच्या नाकांवर हात बसवून घे."

घरची नाकं जमवताना तेजलची दमछाक झाली. सासूबाई लताबाई म्हणाल्या, "माझं नाक मी कधी तपकिरीला दिलं नाही, तुझ्या ब्रशला कशाला देऊ?" नवरा प्रफुल्ल देवळाली कॅम्पच्या पोस्टात क्लार्क होता आणि जन्मात बिडीला शिवला नव्हता, त्याने नाक दिलं आणि अर्धा तास डोळे पुसत बसला. शेजारचे वाल्मीक आहिरे मनमाडला मालगाडीचे गार्ड होते. दम्यामुळे त्यांनी बिडी सोडली त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनीही नाक दिलं. राहिले सहादू.

सहादू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून रिटायर झालेले. बिडी त्यांच्या बोटांत अशी बसलेली असे की एखाद्या वेळी ती नसली तर हात अर्धवट वाटायचा. बिडीबद्दल कोणी वाकडं बोललेलं त्यांना चालत नसे. त्यांची आई सिन्नरला बिड्या वळायची. तिच्या त्या मजुरीवर सहादू आयटीआय शिकले होते.

"डोकं मागं करा पप्पा. हलू नका."

ब्रश आत फिरला. सहादूंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग शिंका थांबेनात. थांबल्या तेव्हा त्यांनी रुमालातून विचारलं, "एवढं काय शोधती नाकात?"

"धुरातलं विष मोडायची यंत्रणा असते, ती किती चालते ते बघायचं." तेजल ब्रशचं टोक औषधाच्या नळीत बुडवत होती. तिचं लक्ष नळीकडे होतं, नाहीतर तिने हे वाक्य एवढ्यावर सोडलं नसतं.

पंधरवड्याने मॅडमनी मशीनची चाचणी म्हणून ती तिन्ही नाकं चालवून पाहिली. त्या संध्याकाळी तेजल स्वयंपाकघरात प्रफुल्लला सांगत होती, "पप्पांच्या एन्झाइमचा आकडा बघून मॅडम खुर्चीतून उठल्या. तुझा तळाला, वाल्मीककाकांचा जरा वर, आणि पप्पांचा कुठल्या कुठे. आत अखंड काम चाललंय."

गॅलरीत बनियन वाळत घालणाऱ्या सहादूंनी एवढं ऐकलं. ओला बनियन तसाच खांद्यावर टाकून ते जिना उतरले. त्यामुळे तेजलचं पुढचं वाक्य त्यांच्या कानावर पडलंच नाही. ती म्हणाली होती, "मला भीती वाटते. त्यांना सांगायचं कसं?"

कॉलनीच्या तोंडाशी सोमाची पानटपरी होती. सहादूंची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही तिथूनच सुरू व्हायची.

"सोमा, माझ्या नाकात कारखाना निघाला."

"कसला?"

"विष मोडायचा. मशीनवर निघाला. मॅडम खुर्चीतून उठली."

सोमाने त्यांच्या नाकाकडे नीट पाहिलं. बाहेरून तसं काही दिसत नव्हतं. "आपोआप झाला का?"

"आपोआप कसा होईल? एकलहऱ्याचा कोळसा पचवला, वर बिडी पचवली. पैलवान वजन उचलून तयार होतो का नाय? तसं नाक तयार केलं. तो वाल्मीक बघ, बिडी सोडून बसला. त्याचं नाक पार कमजोर निघालं."

बातमी अंधार पडायच्या आत कॉलनीभर झाली. ती मित्रमंडळाच्या किशोरपर्यंत पोचली तेव्हा त्याला हायसं वाटलं. किशोर मंडळाचा सेक्रेटरी. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की सभागृहात कोणाचा तरी सत्कार करायचा हा नियम त्यानेच केलेला, आणि आता त्याला माणसं पुरत नव्हती. दहावी पास झालेले सगळे झाले होते, बढती मिळालेले झाले होते, बुलेट घेतलेल्या एकाचाही झाला होता. विज्ञानात चमकलेला माणूस अजून कोणी झाला नव्हता.

तेजलला हे कळलं ते स्कूटीवरून घरी येताना. कोपऱ्यावर विजेच्या खांबाला फ्लेक्स लटकत होता. त्यावर सासरे काळा गॉगल लावून आभाळाकडे बघत होते आणि खाली लिहिलं होतं, 'सुजातानगरची शान! विषावर मात करणारे नाक! मा. सहादू पगारे यांचा जाहीर सत्कार. प्रमुख मार्गदर्शक : सौ. तेजल प्रफुल्ल पगारे.'

तिने गाडी लावली आणि थेट सहादूंच्या पलंगासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, तो आकडा चांगला नाहीये."

"मॅडम उठली ना खुर्चीतून?"

"उठल्या. पण चांगलं वाटून नाही उठल्या."

सहादूंनी प्रेमाने तिच्याकडे पाहिलं. "पोरी, विनय चांगला असतो. पण घरच्याचं कौतुक करायला एवढं लाजू नये."

तिने पुन्हा दोनदा प्रयत्न केला. एकदा ते बातम्या ऐकत होते. दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर किशोर बसला होता आणि शाल कुठल्या रंगाची आणायची याची चर्चा चालली होती. लताबाई भांडी विसळत म्हणाल्या, "राहू दे. शाल मिळते तर मिळू दे. थंडीत कामाला येईल." तेजलने ठरवलं, सत्कारात चार शब्द मोघम बोलावे, घरी आल्यावर नीट समजावून सांगावं. सासऱ्यांचा चारचौघांत अपमान करायची तिची इच्छा नव्हती.

पण पौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर तिला वाल्मीक आहिरे भेटले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशात नवं बिडीबंडल.

"जय भीम तेजल. एक विचारायचं होतं. सुरुवातीला रोज दोन ओढल्या तर चालतील ना? का एकदम जास्त ओढाव्या लागतील?"

"काय ओढायचं काका?"

"बिडी गं. माझं नाक कमजोर निघालं ना. म्हटलं, कार्यक्रम झाला की सुरू करू. एवढी वर्षं उगाच वाया गेली." बोलता बोलता त्यांना खोकला आला, तो आवरायला त्यांनी कठड्याला हात टेकला.

तेजलच्या मनातलं मोघम भाषण तिथेच, त्या पायरीवर संपलं.

सभागृह भरलं होतं. किशोरने सूत्रसंचालन करताना सहादूंच्या नाकाची तुलना धरणाच्या दरवाजांशी केली. शाल पांघरली, गुलाबपुष्प दिलं, टाळ्या झाल्या. सहादू खुर्चीत ताठ बसले होते आणि फोटोसाठी चेहरा जरा तिरपा ठेवत होते. मग तेजलला माइक मिळाला.

"मी सोपं करून सांगते," ती म्हणाली. "बिडीच्या धुरात डांबरासारखे चिकट, तेलकट पदार्थ असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून शरीराला ते सहज धुऊन टाकता येत नाहीत. त्यासाठी आपल्या पेशींमध्ये दोन गँग असतात. पहिली गँग त्या तेलकट कणाला एक आकडा, म्हणजे हूक, बसवते. दुसरी गँग त्या आकड्याला पाण्यात विरघळणारं ओझं अडकवते. मग तो कण पाण्याबरोबर वाहून जातो."

लोक ऐकत होते. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मान हलवली.

"आता, धूर रोज यायला लागला की शरीर पहिल्या गँगची भरती करतं. पप्पांच्या नाकात मला जी दिसली ती ही गँग. दुसरी गँगही वाढते, पण पहिलीला पुरी पडेलच असं नाही. मग काय होतं? आकडा बसवलेला माल नुसता पडून राहतो. आणि आकड्याचं काम अडकणं. तो जे जवळ सापडेल त्याला अडकतो."

"कशाला?" किशोरने बाजूने विचारलं.

"पेशीने कसं वागायचं याच्या सूचना पेशीच्या आत असतात, डीएनए म्हणतात ते. त्याला अडकतो. वीज चोरायला रात्री तारेवर आकडा टाकतात तसा."

मागच्या रांगेत दोघेतिघे हसले आणि एकदम गप्प झाले. बहुतेक त्यांच्या घरी तो टाकलेला असावा.

"आकडा टाकल्यावर ठिणगी कुठे पडेल ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा पेशी तो काढून टाकते, दुरुस्ती करते. कधीतरी दुरुस्ती राहून जाते. कॅन्सरची सुरुवात अशी होते. सगळ्यांना होतो असं मी म्हणत नाही. पण मूळ धुरापेक्षा हा आकडा बसवलेला माल जास्त वाईट असतो, आणि तो आपलंच शरीर तयार करतं. भलं करायला जाऊन. म्हणजे मशीनवरचा आकडा मोठा, याचा अर्थ आत आकडे जास्त." ती थांबली. खुर्चीकडे बघायचं तिने टाळलं. "वाल्मीककाकांचं नाक कमजोर नाही. धूर बंद झाला म्हणून त्यांची गँग घरी गेली, एवढंच. काका, खिशातलं बंडल द्या बघू इकडे."

वाल्मीक उठले आणि खिशातलं बंडल त्यांनी मुकाट टेबलावर आणून ठेवलं.

कोणी टाळी वाजवेना. सहादू बराच वेळ समोरच्या गुलाबाकडे बघत होते. मग ते उभे राहिले, अंगावरची शाल काढली, तिची नीट घडी घातली, वाल्मीककडे गेले आणि ती त्यांच्या खांद्यावर ठेवली.

"सत्कार चुकीच्या नाकाचा झाला," ते म्हणाले. "कार्यक्रम पुढं चालू द्या."

आणि चहा-चिवड्याला न थांबता ते निघून गेले.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. सहादू तेजलशी बोलत नव्हते, पण तिच्यासमोर इतरांशी मोठ्याने बोलत होते. "प्रफुल्ल, तुझ्या बायकोला सांग, पाणी भरून ठेवलंय." तेजल उभ्या उभ्या रडली एकदा, मग कामाला लागली. फ्लेक्स किशोरने उतरवला. तो पाठीमागच्या गोठेवाल्याने नेऊन म्हशीच्या छपराला बांधला, त्यामुळे सहादूंना गच्चीतून रोज स्वतःचा गॉगल दिसायचा.

एके दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच विषय काढला.

"मला एक कळत नाय. चूक त्या पहिल्या गँगची हाय. बिडीची नाय. मग त्या गँगला दाबायचं औषध काढा. तुम्ही ते संशोधन करा, मी निवांत ओढतो."

"ती गँग धुरामुळेच वाढते पप्पा. धूर बंद केला की आपोआप कमी होते. औषध तेच आहे."

"म्हणजे फिरून बिडीवरच येणार तुम्ही." सहादूंचा आवाज चढला. "माझ्या आईने जन्मभर बिड्या वळल्या. त्या बिडीवर मी उभा राहिलो. आता तिला विष म्हणू?"

तिच्या पुस्तकात या बिडीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

उत्तर लताबाईंनी दिलं. त्या मेथी निवडत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. "सासूबाईंनी कधी एक बिडी ओढली का? तंबाखूच्या धुळीने रात्रभर खोकायच्या. मी त्यांची पाठ चोळलीय. पोराला हे काम करायला लागू नये म्हणून त्या वळत होत्या. तुम्ही त्याचं देणं ओढून फेडताय होय?"

दुपारी सहादू सोमाच्या टपरीवर गेले, उशीखालचं, कोटातलं आणि मीटरच्या पेटीवरचं अशी लपवलेली सगळी बंडलं त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ठेव. मागितली तर देऊ नको."

"आणि रागवलात तर?"

"तरी नको देऊ."

कॉलनीला याचं फार कौतुक वाटलं. सत्काराचं जरा अपराधीपणही सगळ्यांच्या मनात होतं. त्यामुळे जो तो त्यांची काळजी घ्यायला लागला, आणि सुजातानगरात काळजी घ्यायची रीत एकच होती, ती म्हणजे चहा पाजणं. लताबाई बिडीच्या वेळेला चहा ठेवायच्या. वाल्मीक सकाळी फिरायला नेऊन बिटको चौकात पाजायचे, शाल अजून आपल्याकडे आहे याची त्यांना लाज वाटायची. सोमा तर बिडी मागितली की चहाच हातात द्यायचा. किशोर दिसेल तिथे 'काका, अर्धा अर्धा' म्हणायचा. सहादू मुळातलेच चहाबाज, कडक आणि भरपूर पिणारे. त्यांनी कोणाला नाही म्हटलं नाही.

आठवडा संपायच्या आत त्यांची अवस्था बिकट झाली. झोप उडाली. छातीत धडधड व्हायला लागली. पेपर धरला की पेपर वाजायचा. मधेच उठून ते घरातल्या सगळ्या कड्या-कोयंड्यांना तेल घालत सुटायचे. लताबाई घाबरल्या. प्रफुल्लने रजा टाकून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली आली. म्हणाले, बिडी सुटली की थोडं असं होतं, धीर धरा.

सहादूंनी धीर धरला दुपारपर्यंत. मग त्यांनी आपल्या परीने निदान केलं. त्यांच्या मते गोष्ट उघड होती. शरीराला धुराची सवय होती. तो तोडल्यामुळे शरीर बिघडलं. बिडी सोडल्याने माणूस मरतो, हे त्यांना आता स्वतःच्या छातीत ऐकू येत होतं. ते चपला घालून निघाले. लताबाईंनी तेजलला फोन लावला, "तुझे पप्पा टपरीकडे गेलेत. माझं ऐकत नाहीत."

तेजल त्या दिवशी नेमकी बँकेच्या कामाला कॉलनीजवळच, जेल रोडला आली होती. ती पोचली तेव्हा सहादू टपरीच्या बाकावर बसले होते. ओठांत बिडी होती, पेटवलेली नव्हती. काडी ओढायचा प्रयत्न चालला होता, पण हात इतका थरथरत होता की काडी पेटीला लागतच नव्हती.

"दिली का रे तू?" तेजलने सोमाला विचारलं.

"रागावले म्हणून नाही दिली," सोमा म्हणाला. "घाबरलेत म्हणून दिली." आणि बोलता बोलता त्याने चहाचा ग्लास सहादूंच्या पुढ्यात ठेवला. "हा घ्या आधी. बरं वाटेल."

तेजलचं त्या ग्लासाकडे लक्ष गेलं.

"पप्पा, हा आजचा कितवा?"

"मोजतंय कोण?" सहादू बिडी ओठांत धरूनच बोलले. "सकाळी तुझ्या सासूचा. मग वाल्मीकचा. तो दोनदा पाजतो. दवाखान्यातून येताना प्रफुल्लने पाजला. मग किशोर भेटला. मग हा सोमाचा, त्याच्या आधी एक सोमाचाच."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी पण एवढाच प्यायचो. कधी काही झालं नाय. आता बिडी सोडली आणि हे सुरू झालं."

तेजल बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सहादूंना राग यावा की काळजी वाटावी ते कळेना.

"इथे मरायला टेकलोय आणि तू हसती."

"मरत नाही तुम्ही. ऐका. ती पहिली गँग आठवते? तिचेच भाऊबंद काळजाखालच्या यकृतात असतात. चहातलं कॅफीन मोडायचं काम त्यांचं. इतकी वर्षं बिडीच्या धुरामुळे तिथेही भरती झाली होती, त्यामुळे चहा प्यायला की तो लगेच मोडला जायचा. म्हणून तुम्हाला एवढा पचायचा. आता धूर बंद झाला, भरती बंद झाली, गडी कमी झाले. चहा मात्र तेवढाच. उलट जास्तच. तो मोडायला माणसंच नाहीत, म्हणून अंगात साठतोय. तुम्हाला चहा चढलाय, पप्पा."

सोमाने ग्लास हळूच मागे ओढला.

सहादू विचार करत होते. विचार करताना त्यांचा गुडघा आपोआप हलत होता. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "गडी खरंच कमी झाले?"

"झाले."

"तुझ्या मशीनबिगर तुला कसं कळलं?"

"काडी पेटत नाही त्यावरून."

सहादूंनी आपल्या थरथरणाऱ्या हाताकडे पाहिलं. इतके दिवस त्यांना तो हात म्हणजे आजार वाटत होता. आता ते त्याच्याकडे कामाची पावती आल्यासारखं बघत होते. त्यांनी ओठांतली बिडी काढली, तिच्या पिळलेल्या दोऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि सोमाच्या हातात दिली.

"लिंबू-पाणी हाय का?" त्यांनी विचारलं.

चहा निम्म्याच्या निम्मा झाला. धडधड गेली, झोप आली. बिडीची आठवण काही लगेच गेली नाही; जेवण झालं की बोटं आपली आपली जवळ यायची. तेव्हा सहादू उठून कोणाच्या तरी नळाचा वॉशर बदलून द्यायचे. कॉलनीत गळका नळ उरला नाही.

काही महिन्यांनी त्यांनी स्वतःहून तेजलसमोर खुर्ची ओढली, डोकं मागे केलं आणि म्हणाले, "घाल ब्रश." शिंका याही वेळी थांबेनात. मनाली मॅडमनी तो नमुना इतर नमुन्यांबरोबर चालवला. संध्याकाळी तेजल आली ती सरळ त्यांच्यासमोर बसली. या वेळी त्यांच्या कानावर स्वयंपाकघरातून अर्धंमुर्धं काही पडावं असं तिला नको होतं.

"आकडा खूप खाली आला. वाल्मीककाकांच्या जवळपास."

"त्याच्या खाली का नाय?"

"येईल कदाचित. पण अजून एक सांगायचंय. धुराने बदललेल्या काही गोष्टी परत पहिल्यासारख्या होतात, काही पूर्ण होत नाहीत. जे आकडे आधी अडकून गेले त्यातला एखादा दुरुस्तीतून सुटला असेल तर तो मला नाकातून दिसत नाही. धोका दरवर्षी कमी होत जातो. संपतो असं मी म्हणू शकत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवत राहायचं."

"म्हणजे उशीर झाला."

"झाला थोडा. पण जेवढा झाला तेवढाच. त्यात आता भर पडत नाही."

"हे तू त्या दिवशी माइकवरून सांगितलं नाय."

"त्या दिवशी तुमच्याकडे बघायची हिंमत नव्हती माझ्यात."

"मी पण आठवडाभर तुझ्याकडं बघितलं नाय. फिटलं." त्यांनी खिशातून बडीशेप काढून आधी तिच्या हातावर घातली, मग आपल्या.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली होती, ती सहादूंनी घरात कोणाला सांगितली नव्हती. त्यांना वास यायला लागले होते. पहिल्यांदा वाल्मीकच्या केसांच्या तेलाचा आला, तो त्यांना मुळीच आवडला नाही. मग गच्चीवर गेले तर गोठ्याचा आला. मग बऱ्याच गोष्टींचे आले, त्यातल्या काहींचे नसते आले तरी चाललं असतं.

त्या रात्री लताबाईंनी वांग्याची भाजी वाढली. सहादूंनी पहिला घास घेतला, थांबले, ताट नाकाजवळ नेलं.

"आज यात खोबरं भाजून घातलंस का?"

लताबाईंचा पळीवाला हात तसाच राहिला. "लग्न झाल्यापासून घालते," त्या म्हणाल्या.

"बरं लागतंय," सहादू म्हणाले, आणि दुसरा घास घेऊन पुढे म्हणाले, "हिंग मात्र जरा जास्त झालाय."

"प्रफुल्ल," लताबाई म्हणाल्या, "तुझ्या पप्पांना सांग, गुमान जेवा."